लहान मुलांचे प्रत्यारोपित मूत्रपिंड, गॅमा कॅमेरा आणि आपला ताळेबंद

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या सभेत हिशोबपत्रके मंजुरीसाठी मांडली असता एका ज्येष्ठ विश्वस्तांनी एक प्रश्न उपस्थित केला होता. आपला अणुवैद्यक विभाग दरवर्षी तूट दाखवतो. त्यातही मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या लहान मुलांच्या तपासण्या आपण नाममात्र शुल्कात करतो. हे कुठवर चालवायचे, असा तो प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. सार्वजनिक न्यासाचा पैसा हा समाजाने विश्वासाने सोपवलेला पैसा असतो आणि त्यातील प्रत्येक रुपयाचा जाब विचारण्याचा अधिकार या सभेला आहे. अध्यक्ष महोदयांनी या प्रश्नाचे सविस्तर उत्तर तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा पिंड खतावणीचा. तेव्हा पुढे जे वैद्यकीय तपशील येतील ते आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले व त्यांच्याकडून तपासून घेतलेले आहेत. हिशोबाची बाजू मात्र माझी आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला यशस्वीरीत्या बसवले. दोघे एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने ते परके मानले नाही. या कार्याबद्दल डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ साली असा प्रयत्न झाला, तर वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत झाला आणि महाराष्ट्र व गोवा ही तो सर्वप्रथम लागू करणाऱ्या राज्यांपैकी होती. या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि त्यामुळे मृत्यूनंतरच्या अवयवदानाचा मार्ग मोकळा झाला.

मुलांच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक होतो. मोठ्या माणसांत मूत्रपिंड निकामी होण्यामागे बहुधा मधुमेह व रक्तदाब असतो. मुलांत मात्र जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात आढळतात. मूत्रमार्गात पडद्यासारखा अडथळा असणे, लघवी मूत्राशयातून उलट वर चढणे, मूत्रपिंडाची वाढच नीट न होणे, ही त्याची काही रूपे होत. अशा मुलाला डायलिसिसवर जगवता येते. परंतु डायलिसिसवर मूल हवे तसे वाढत नाही. उंची खुंटते, हाडे कमकुवत होतात, शाळा सुटते. म्हणूनच शक्य असेल तेथे प्रत्यारोपण हाच मुलांसाठी श्रेयस्कर मार्ग मानला जातो. हे मूत्रपिंड बहुतेक वेळा आईचे वा वडिलांचे असते. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. आमच्या समुपदेशन कक्षात बसले की या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रौढाचे मूत्रपिंड दहा-पंधरा किलो वजनाच्या बालकाच्या शरीरात बसवणे म्हणजे मोठ्या घराचे नळजोड लहान घराच्या टाकीला जोडण्यासारखे आहे. त्या अवयवाला जेवढे रक्त लागते, तेवढे पुरवताना लहान मुलाच्या हृदयाची व रक्ताभिसरणाची कसोटी लागते. अगदी लहान मुलांत हे मूत्रपिंड पोटाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडावे लागते, तर मोठ्या मुलांत ते ओटीपोटाच्या बाजूला, कंबरेच्या हाडाच्या आतल्या खळग्यात ठेवतात. रक्तप्रवाह मंदावला तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. मूत्रवाहिनी जेथे मूत्राशयाला जोडली आहे, तेथून लघवी झिरपू शकते अथवा तेथे अडथळा येऊ शकतो. शरीर नवा अवयव नाकारू शकते. आणि या सर्वांखेरीज एक साधे कारणही असते. दात्याच्या शरीरातून काढल्यापासून पुन्हा रक्त मिळेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना धक्का बसतो आणि मूत्रपिंड काही दिवस जणू झोपी जाते.

आता अडचण अशी की या सर्व प्रकारांत बाहेरून दिसणारे लक्षण जवळजवळ एकच असते. लघवी कमी होते आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढते वा खाली येत नाही. उपाय मात्र परस्परविरोधी आहेत. गुठळी असेल तर तासाभरात मुलाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. अडथळा असेल तर तो दूर करावा लागतो. शरीर नाकारत असेल तर औषधांची मात्रा वाढवावी लागते. आणि मूत्रपिंड नुसते झोपले असेल तर धीर धरून वाट पाहणे हाच उपाय असतो. चुकीच्या वेळी केलेली शस्त्रक्रिया आणि चुकीच्या वेळी पाहिलेली वाट, दोन्ही सारख्याच महाग पडतात.

अशा वेळी प्रथम सोनोग्राफी व डॉप्लर तपासणी होते. ती खाटेजवळच करता येते व तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. गॅमा कॅमेऱ्याची तपासणी ही तिची प्रतिस्पर्धी नव्हे, पूरक आहे. सोनोग्राफी मूत्रपिंडाचा आकार व रक्तवाहिन्यांतील प्रवाह दाखवते; गॅमा कॅमेरा ते काम करीत आहे की नाही, हे दाखवतो. माझ्या भाषेत सांगायचे तर एक तपासणी मालमत्तेची यादी देते, दुसरी नफातोटा पत्रक देते.

या तपासणीत अत्यल्प प्रमाणात किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून दिले जाते. पहिल्या मिनिटात एकेका-दोनदोन सेकंदांची चित्रे घेतात. निरोगी प्रत्यारोपित मूत्रपिंड मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीपाठोपाठ अवघ्या काही सेकंदांत उजळते. पुढे वीस ते तीस मिनिटे चित्रण चालू राहते. द्रव्य मूत्रपिंडात किती शोषले गेले, लघवीवाटे मूत्राशयात केव्हा उतरले, मागे किती राहिले, याचा आलेख संगणक काढतो. रक्त पोहोचतच नसेल तर मूत्रपिंडाच्या जागी रिकामी काळी पोकळी दिसते. रक्त चांगले पोहोचते पण लघवी तयार होत नाही, असे दिसले तर नलिकांना धक्का बसल्याची शक्यता अधिक. द्रव्य मूत्राशयाबाहेर पसरलेले दिसले तर गळती. वरच साठून राहिले आणि लघवी वाढवणारे औषध देऊनही उतरले नाही, तर अडथळा. आपल्या देशात या कामासाठी डीटीपीए आणि ईसी ही द्रव्ये नेहमीच्या वापरात आहेत; परदेशात एमएजी-३ हे द्रव्य अधिक प्रचलित आहे. पुढे जंतुसंसर्गामुळे मूत्रपिंडावर व्रण राहिले आहेत का, हे पाहायचे असेल तर डीएमएसए हे द्रव्य देऊन काही तासांनी स्थिर चित्रे घेतली जातात.

या सर्व द्रव्यांत जो किरणोत्सर्गी घटक असतो त्याचे नाव टेक्नेशियम-९९एम. हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांनी शोधले. मानवाने कृत्रिम रीतीने तयार केलेले ते पहिले मूलद्रव्य असून त्याचे नावही ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. वैद्यकात ते सुलभ झाले ते अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे जनित्र तयार झाल्यावर. त्याच सुमारास हॅल अँगर यांनी बर्कले येथे गॅमा कॅमेरा बनवला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले आणि देशातील या शाखेचा पाया घातला गेला.

आमच्याकडे दर आठवड्याला शिशाच्या आवरणात जे जनित्र येते, त्यात मॉलिब्डेनम-९९ असते. त्यापासून सतत टेक्नेशियम तयार होत राहते आणि आमचे तंत्रज्ञ रोज सकाळी क्षारद्रावण सोडून ते काढून घेतात. या व्यवसायात त्याला गाय दोहणे म्हणतात आणि उपमा अगदी चपखल आहे. मात्र या गाईचे दूध रोज आटत जाते. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तासांचे. म्हणजे आठवड्याअखेर मूळच्या सुमारे एक षष्ठांश हिस्सा उरतो. काढलेल्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य तर अवघे ६ तासांचे. सकाळी आठ वाजता सोळा भाग असतील तर दुपारी दोनला आठ, रात्री आठला चार, पहाटे दोनला दोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक. घसाऱ्याची अशी पद्धत कोणत्याही हिशोबशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेली नाही. माल वापरा अथवा वापरू नका, तो सहा तासांत निम्मा होतो.

ही बाब मी मुद्दाम विस्ताराने सांगत आहे, कारण विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

आपल्या विभागाचा खर्च कशाचा आहे? जनित्राचा साप्ताहिक खर्च, कॅमेऱ्याच्या देखभालीचा करार, तज्ज्ञ डॉक्टर, तंत्रज्ञ व किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी यांचे वेतन, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार ठेवावी लागणारी व्यवस्था. यांपैकी जवळजवळ सर्व खर्च रुग्ण एक असो वा वीस असोत, तेवढाच राहतो. आम्ही आजवर एकूण खर्चाला तपासण्यांच्या संख्येने भागून दर तपासणीचा सरासरी खर्च काढत आलो आणि तोच आकडा मुलांच्या खात्यावर टाकत आलो. कागदोपत्री ही पद्धत निर्दोष आहे. परंतु निर्णय घेण्यासाठी जो आकडा लागतो तो सरासरी खर्चाचा नव्हे, तर सीमांत खर्चाचा; म्हणजे आणखी एक तपासणी केल्याने खरोखर किती खर्च वाढला, याचा. जनित्र आलेलेच आहे, तंत्रज्ञ हजर आहेच, टेक्नेशियम कोणाची वाट न पाहता विरून जाणारच आहे. अशा स्थितीत त्या मुलासाठी वाढणारा खर्च म्हणजे द्रव्याची एक कुपी, सुई, सलाईन आणि कॅमेऱ्यावरचा काही वेळ.

आणखी एक गोष्ट माझ्या निदर्शनास आमच्या तंत्रज्ञांनी आणून दिली. लहान मुलाला द्यावयाची मात्रा वजनानुसार ठरते. पंधरा किलोच्या बालकाच्या मूत्रपिंडाच्या तपासणीला जेवढे टेक्नेशियम लागते, ते प्रौढाच्या हाडांच्या तपासणीला लागणाऱ्या मात्रेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे असते. त्यामुळे आठवड्याअखेरच्या ज्या द्रावणात प्रौढांची पूर्ण यादी भागत नाही, त्याच द्रावणात एखाद्या मुलाची तातडीची तपासणी सहज होऊ शकते. म्हणजे ज्या मालाला अन्य गिऱ्हाईक नाही, तो या मुलांच्या उपयोगी पडतो. विभागाची तूट मोफत तपासलेल्या मुलांमुळे नाही. कॅमेरा दुपारनंतर रिकामा राहतो, त्यामुळे आहे. थायरॉइड, हृदय व हाडांच्या तपासण्यांसाठी परिसरातील डॉक्टरांनी रुग्ण पाठवावेत यासाठी पद्धतशीर प्रयत्न झाले, तर ही तूट बरीच भरून निघेल. तो उपाय आमच्या हाती आहे.

नाण्याची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. मुलांच्या तपासणीला वेळ अधिक लागतो. शीर सापडणे कठीण असते आणि औषध शिरेबाहेर गेले तर सारा आलेख निरुपयोगी होतो. मूत्राशय भरलेले राहिले तर अडथळा नसताना असल्यासारखे भासते; म्हणून नळी मोकळी आहे ना, लंगोट बदलला ना, हेही पाहावे लागते. मूल अर्धा तास स्थिर पडून राहावे लागते. नेहमीच्या मूत्रपिंडाची चित्रे पाठीकडून घेतात. प्रत्यारोपित मूत्रपिंड पुढे असल्यामुळे कॅमेऱ्याचे जड डोके मुलाच्या पोटावर, जवळजवळ अंगाला लागेल इतके खाली आणावे लागते. मूल घाबरते. आमच्या परिचारिका भगिनी अशा वेळी गुंगीचे औषध शक्यतो टाळून गोष्टी सांगतात, आईला हात धरून बसू देतात. आई गर्भवती असेल तर तिच्याऐवजी दुसरे नातलग बसतात. एका मुलाच्या तपासणीत दोन प्रौढांचा वेळ जातो, हे खरे आहे आणि हा वेळ हिशोबात धरलाच पाहिजे.

किरणोत्सर्गाविषयी पालकांच्या मनात भीती असते आणि ती हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. या तपासणीतून मुलाच्या शरीराला मिळणारी मात्रा साधारणपणे एक मिलिसीव्हर्टच्या आसपास वा त्याहून कमी असते. जमीन, हवा, अन्न व अवकाश यांतून प्रत्येक माणसाला दरवर्षी मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. शिवाय सीटी स्कॅनमध्ये वापरली जाणारी काही रंगद्रव्ये दुबळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात, तसा अपाय या द्रव्यांनी होत नाही. तरीही मूल लहान आहे, त्याचे आयुष्य पुढे आहे आणि अशा तपासण्या त्याला पुन्हा पुन्हा लागू शकतात. म्हणून मात्रा आवश्यक तेवढीच आणि तपासणी आवश्यक तेव्हाच, हा नियम पाळावा लागतो. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘इमेज जेंटली’ या मोहिमेने हाच विचार जगभर पोहोचवला. यावरून प्रशासकांनी एक धडा घेतला पाहिजे. या विभागाला तपासण्यांच्या संख्येचे उद्दिष्ट कदापि ठरवून देऊ नये, निदान मुलांच्या बाबतीत तरी नाही.

या तपासणीच्या मर्यादाही आहेत. शरीर मूत्रपिंड नाकारत आहे की नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाचाच त्याला त्रास होत आहे, हे ती खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी सुईने तुकडा काढून बायोप्सीच करावी लागते. एका तपासणीपेक्षा एकापाठोपाठच्या दोन तपासण्यांतील फरक अधिक बोलका असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत एक आधारभूत तपासणी करून ठेवली, तर पुढे प्रत्येक वेळी तुलना करता येते. ज्याची आरंभीची शिल्लक नोंदलेली नाही, त्या खात्याचा अखेरचा आकडा कितीही अचूक असला तरी त्याचा अर्थ लागत नाही.

आता दोन मुलांविषयी थोडे सांगतो. त्यांची ओळख अर्थातच गुप्त राहील. एका मुलीला मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले होते. तीन दिवस लघवीचा थेंब नव्हता. वडील दिवसातून दहा वेळा माझ्या कार्यालयाच्या दारात येऊन उभे राहत. बोलत काहीच नसत. गॅमा कॅमेऱ्यात रक्तप्रवाह उत्तम दिसला. मूत्रपिंड जिवंत होते, नुसते झोपले होते. डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रिया न करता डायलिसिसच्या आधाराने वाट पाहण्याचे ठरवले आणि दुसऱ्या आठवड्यात लघवी सुरू झाली. दुसरा मुलगा त्याहून लहान, त्याला आईचे मूत्रपिंड बसवलेले. डॉप्लरमध्ये शंका आली, गॅमा कॅमेऱ्यात त्या जागी काळी पोकळी दिसली. त्याला लगेच शस्त्रक्रियागृहात नेले, परंतु गुठळीने आपले काम केले होते आणि मूत्रपिंड काढावे लागले. ती माउली स्वतःच्या टाक्यांवर हात धरून चालत आली आणि तिने मला, देयके पाहणाऱ्या माणसाला, विचारले, “साहेब, माझी किडनी वाया गेली का हो?” माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. आमच्या मूत्रपिंडतज्ज्ञ बाईंनी तिला जवळ बसवून सांगितले की, निकामी अवयव आत राहिला असता तर मुलाच्या जिवावर बेतले असते. तो वेळेत निघाला म्हणून मुलगा पुन्हा प्रतीक्षायादीवर आहे, वाट पाहण्यासाठी जिवंत आहे.

या तपासणीने पहिल्या मुलीला वाचवले आणि दुसऱ्या मुलाला वाचवले नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. दोन्ही वेळी तिने एकच काम केले. डॉक्टरांना वेळेवर खरे काय ते सांगितले. रुग्णालयात अशा वेळेवर कळलेल्या सत्याला किती मोल आहे, हे दरपत्रकात लिहिता येत नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हा कॅमेरा मुलाच्याच नव्हे, आईच्याही कामी येतो. दाता म्हणून तिची निवड करण्यापूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडे किती काम करतात आणि त्यांत डावे-उजवे किती, हे याच विभागात मोजले जाते. दोन्हींत फरक असेल तर अधिक चांगले मूत्रपिंड दात्याकडे ठेवावे, हा नियम आहे. आईचे हित मुलाच्या हिताइतकेच जपण्याचे हे एक साधन आहे.

प्रत्यारोपण म्हणजे प्रवासाचा शेवट नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. टॅक्रोलिमससारखी औषधे रोज, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात आणि मूत्रपिंड आहे तोवर ती सुटत नाहीत. पौगंडावस्थेत मुले गोळ्या चुकवतात आणि याच वयात चांगली चाललेली मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण वाढते, हा जगभरचा अनुभव आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ सालच्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार आपण धर्मादाय रुग्णालय म्हणून १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतो आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी हे सर्व आधार मुलापाशी उभे असतात. पाच वर्षांनी गावाकडून एसटीने आलेल्या त्याच मुलाचे क्रिएटिनिन वाढलेले दिसते आणि तपासणीची चिठ्ठी हाती पडते, तेव्हा मात्र त्याच्या वडिलांपाशी परतीच्या भाड्यापुरतेच पैसे असतात.

यातले काही पालक ऊसतोडीला जातात. सहा महिने एका जिल्ह्यात, सहा महिने दुसऱ्या. जुनी चित्रे हाताशी नसतील तर तुलना कशाशी करायची? म्हणून प्रत्येक तपासणीच्या चित्रांची व आलेखाची एक प्रत पालकांच्या हाती देणे आणि एक प्रत आपल्याकडे मूल सज्ञान होईपर्यंत व त्यानंतरही जपून ठेवणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

पुरवठ्याबाबतही सावध राहिले पाहिजे. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली ती ऑगस्ट २०१० पर्यंत, आणि त्याच काळात नेदरलँड्समधील पेटेन येथील भट्टीही दुरुस्तीसाठी काही महिने बंद होती. जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. कॅनडातील ती भट्टी २०१८ साली कायमची बंद झाली. मे २०२३ मध्ये मुंबईत मॉलिब्डेनम-९९ तयार करणारा प्रकल्प राष्ट्राला समर्पित झाला, ही आपल्या दृष्टीने आश्वासक घटना होय. तरीही टंचाईच्या आठवड्यात प्रथम कोणाची तपासणी करायची, हे टंचाई येण्यापूर्वीच लिहून ठेवलेले बरे. अशा यादीत नुकतेच प्रत्यारोपण झालेले मूल वरच्या ओळीत असावे, अशी आमच्या डॉक्टरांची शिफारस आहे.

या सर्व विवेचनाच्या आधारे मी या सभेपुढे पाच गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या रुग्णालयात प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक मुलाची आधारभूत तपासणी, डॉक्टरांनी अन्यथा सांगितले नसेल तर, पहिल्या ४८ तासांत व्हावी आणि त्यासाठी अनामत रक्कम मागू नये. दुसरी, त्यानंतरची डॉक्टरांनी आवश्यक ठरवलेली प्रत्येक तपासणी मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत विनामूल्य व्हावी आणि अठरा पूर्ण झाल्यावर ही सवलत एका दिवसात तुटू नये, यासाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ ठेवावा. तिसरी, या तपासण्यांचा खर्च सीमांत पद्धतीने वेगळा दाखवावा, म्हणजे पुढील वर्षी याच सभेला खरे चित्र दिसेल आणि ते प्रतिकूल असेल तर सभेने मला पुन्हा जाब विचारावा. चौथी, चित्रे व नोंदी जपण्याची कायम व्यवस्था करावी. पाचवी, कॅमेऱ्याचे वय झाले आहे. तो बदलण्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्यास या सभेने अनुमती द्यावी. या पाचव्या गोष्टीसाठी मी आपल्या देणगीदारांकडे आशेने पाहतो. इमारतीवर कोरलेले नाव सर्वांना दिसते. कॅमेऱ्यावरील नाव एखाद्या मुलालाच, तेही पोटावर जड यंत्र आणि हाताशी आई असताना, दिसेल. तरीही त्या नावाचे ऋण ते कुटुंब विसरणार नाही, असा माझा विश्वास आहे.

मूळ प्रश्न होता, हे कुठवर चालवायचे? माझे उत्तर असे की, शस्त्रक्रियेच्या दिवशी आपण त्या मुलाच्या पालकांकडून संमतीपत्रावर सही घेतो, तेव्हा आपणही एका करारावर सही करीत असतो. आईने एक मूत्रपिंड दिले, ती दुसरे देऊ शकत नाही. ते एक मूत्रपिंड जोवर चालते आहे, तोवर त्याची विचारपूस करणे हा आपल्या बाजूचा करार आहे. ताळेबंदात ही रक्कम देण्याच्या बाजूला लिहावी लागेल, हे मी जाणतो. परंतु काही देणी संस्थेची पत कमी करीत नाहीत, वाढवतात.

 अणुवैद्यक विभागातील डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिका भगिनी यांनी हा मजकूर तपासून दिला, त्यांचे ऋण व्यक्त करतो आणि हा विषय सभेच्या विचारार्थ अध्यक्ष महोदयांच्या हाती सोपवतो.